नाशवंत माल

माझं डोकं शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जीभ जड झाली की माणसाची अक्कलही गेली असं लोकांना वाटतं, आणि मग ते माझ्याशी मोठमोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलतात. मी बहिरा नाही. झटका आला तो डाव्या अंगावरून गेला. उजवा हात पहिल्यापासून धडधाकट आहे, म्हणून तर हे लिहितोय. बाकीचं अंगही व्यायामाने बरंच वळणावर आलं. फक्त ओठ आणि जीभ यांचं आपसात जमेनासं झालं. शब्द डोक्यात तयार असायचा आणि तोंडातून बाहेर पडताना लंगडायचा.

ज्याने उभा जन्म फळांच्या बाजारात लिलाव पुकारण्यात घालवला त्याचीच जीभ जावी, म्हणजे देवालाही थट्टा सुचते. मी तापट माणूस. 'यांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर,' असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण पुकारताना माझं अक्षर कधी घसरलं नव्हतं. आणि आता साधं पाणी मागायचं तर घरातल्या दोघीजणी हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. त्या बघण्यानेच निम्मा शब्द आत जायचा.

बोलणं सुधारून देणाऱ्या मॅडम आमच्या इथे नव्हत्या. त्या मुख्य इस्पितळात, खूप दूर. आमच्याकडच्या शाखेत तळमजल्यावर एक छोटी खोली होती. टेबल, संगणक, त्याच्यावर कॅमेरा, समोर एक खुर्ची. दर आठवड्याला मी तिथे जाऊन बसायचो आणि मॅडम पडद्यावर यायच्या. ही सोय सूनबाईने शोधून काढली होती. ती त्याच शाखेत नेटवर्कचं काम बघते, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या तारा आणि त्या जिथे येऊन मिळतात त्या पेट्या तिच्या ताब्यात. त्या पेट्यांना स्विच म्हणतात. पहिली दोन वर्षं मी समजत होतो, ती दिव्यांची बटणं दुरुस्त करते. मुलगा जहाजावर नोकरीला, महिनोन्महिने घरी नसतो. त्यामुळे माझं दुखणं निस्तरायला घरात दोन बायका होत्या, एक माझी आणि एक त्याची.

मॅडम वयाने लहान, पण धीराच्या. त्या पडद्यावर चित्र दाखवायच्या आणि मी त्याचं नाव सांगायचं. किल्ली. खिडकी. मासा. चमचा.

'छान, काका. पण शेवटचं अक्षर गिळताय. पुन्हा म्हणा.'

मी पुन्हा म्हणायचो. कधी शेवटचं जायचं, कधी मधलं. 'खि...की. मधला ड कुठे गेला, काका?' आता ड काय मी खिशात घालून ठेवला होता? माझ्या कानाला तर शब्द अख्खा वाटायचा. हळू, वेडावाकडा, पण अख्खा. मात्र माझ्या कानाचं ऐकणार कोण? मीसुद्धा ऐकलं नाही. म्हटलं, झटक्याने कानही फितूर झाले असतील. मॅडम शिकलेल्या, रोज असे दहा रोगी बघणाऱ्या. त्या म्हणतात ते खरं.

हळूहळू मी घरीही बोलणं टाकलं. पाणी हवं असलं की पेला दाखवायचा, पंखा नको असला की बोट वर करायचं. बायको विचारायची, 'भाजी कशी झालीय?' मी मान हलवायचो. एरवी मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस. तिला बिचारीला भांडण हवं होतं आणि मी तिला मान हलवून दाखवत होतो. एकदा तिने मुद्दाम अळणी भाजी वाढली. मी ती मुकाट्याने संपवली. त्यानंतर ती मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली, घासलेलीच.

मग एका बैठकीच्या शेवटी मॅडमनी चष्मा काढला. चष्मा काढून बोलणाऱ्या माणसाकडे चांगली बातमी नसते.

'काका, पुढच्या शुक्रवारी आपला आढावा आहे. त्यात फरक दिसला नाही, तर ही वेळ मला दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल. खूप लोक थांबलेत. तुमचे प्रयत्न कमी पडले असं नाही म्हणत मी.'

मी मान हलवली. आता ती सवयच झाली होती.

घरी आल्यावर बायकोने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. शुक्रवारच्या आधी एक बैठक शिल्लक होती. त्या बैठकीला ती हट्टाने माझ्याबरोबर आली आणि खुर्चीमागे पिशवी घेऊन उभी राहिली. मॅडमनी किल्लीचं चित्र दाखवलं. मी जीव एकवटून 'किल्ली' म्हणालो.

'कि... बरं, काका. पुढचं राहिलं.'

'अहो, राहिलं कुठे?' बायको मागून ओरडली. 'किल्ली म्हणाले ते. चांगलं अख्खं म्हणाले!'

मॅडम समजुतीने हसल्या. 'काकू, घरच्या माणसांना सवय असते ना. आपण अर्धं ऐकतो आणि उरलेलं मनात पूर्ण करतो. प्रेमापोटी होतं ते.'

'प्रेमबिम काही नाही,' बायको म्हणाली. 'कानाने ऐकलंय मी.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला हातानेच गप्प बस म्हणून खुणावलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मॅडमना वाटलं असणार. पण ती गप्प बसणारी असती तर आमचा संसार फार शांत झाला असता. संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, तिची चप्पल पायातून सुटायच्या आत हिने तोफ डागली.

'तुझी तार यांचे शब्द खाते.'

'आई, तार शब्द खात नाही.'

'मग कोण खातं? मी समोर उभी होते. इकडे अख्खा शब्द आणि तिकडे अर्धा.'

'अहो, मॅडमना बाबांचा चेहरा स्वच्छ दिसतो. मॅडमचा आवाज इकडे खणखणीत येतो. लाईन खराब असती तर...'

'ते तुझं तू बघ. यांचं बोलणं मला कळतं. सगळा जन्म ते ऐकण्यातच गेला माझा.'

सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. एखाद्या गवंड्याला त्याची भिंत वाकडी आहे म्हणावं, तसं झालं होतं ते. ती न जेवताच खोलीत जाईल असं मला वाटलं. पण ती माझ्यासमोर येऊन बसली.

'बाबा, किल्ली म्हणा बरं.'

मी पेल्याकडे बोट दाखवलं. मला पाणी नको होतं, बोलायचं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बोलणं इतकं सोडलंय, हे दिवसभर बाहेर असल्यामुळे तिच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आम्हा दोघांना इस्पितळात नेलं. मला नेहमीच्या खुर्चीत बसवलं, संगणक चालू केला आणि मॅडमच्या जागी स्वतःच्या मोबाईलवरून जोडली गेली. एका कानात मोबाईलचं ऐकायचं बोंडूक घातलं, दुसरा कान मोकळा ठेवला आणि दारात उभी राहिली.

'हं, म्हणा.'

'किल्ली,' मी म्हणालो.

तिच्या कपाळाला आठी पडली. 'पुन्हा.'

'किल्ली.'

'खिडकी म्हणा.'

मी म्हणालो. चमचा म्हणालो, मासा म्हणालो. तिने मोकळ्या कानावर हात दाबून ऐकलं, मग दुसऱ्या कानावर हात दाबून ऐकलं. मग बोंडूक काढलं आणि सरळ फरशीवर बसली. एवढी मोठी कामावरची बाई, गळ्यात ओळखपत्र, आणि फरशीवर.

'बाबा,' ती म्हणाली, 'तुम्ही बोलताय.'

बायकोने पिशवी टेबलावर ठेवली. 'मी काय वेगळं सांगत होते?'

हे इतके दिवस कसं चाललं, ते आम्हा तिघांनाही कळायला जरा वेळ लागला. दुसरा कोणी त्या खुर्चीत बसला असता, तर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या असत्या, आवाज तुटतोय, जरा लाईन बघा. माझ्या बाबतीत त्यांनी लाईन बघायचं कारणच नव्हतं. तुटका माणूस तुटकंच बोलणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. आणि संन्याशानेही निमूट मान पुढे केली होती.

सूनबाईने त्या दिवशी स्वतःची खुर्ची आणि संगणक उचलून स्विच ठेवलेल्या खोलीत नेला. थोड्या वेळाने आली ती ओठ चावत. समजावताना ती माझ्या धंद्यातलं बोलू लागली. ते मला फार आवडलं.

'बाबा, बाजारात गाड्या एकदम आल्या, तर दारातून आधी कोण सुटायचं?'

मी बोट वर केलं. तिने मान हलवली. 'अंहं. बोलून सांगा.'

'ना... नाशवंत,' मी म्हणालो. 'अंजीर आधी. बटाटा... थांबतो.'

'बरोबर. आवाज म्हणजे अंजीर. क्षणभर उशीर झाला की फेकायचाच. आणि शेजारी एक्स-रे विभाग आहे ना, त्यांचे फोटो म्हणजे बटाट्याची पोती. थांबली तर सडत नाहीत. म्हणून मालावर आधीच चिठ्ठी लावतात, हा अंजीर, हा बटाटा. स्विच चिठ्ठी वाचतो आणि त्या त्या रांगेत सोडतो.'

'मग यांच्या मालाला चिठ्ठी नव्हती?' बायकोने विचारलं.

'होती! संगणक व्यवस्थित लावून पाठवत होता. पण या खोलीत आधी चौकशीचं टेबल होतं, टेलिफोनवालं. स्विचला सांगून ठेवलेलं, की या तारेला टेलिफोन असेल तरच चिठ्ठीवर भरवसा ठेव. दुसरं काही असेल तर चिठ्ठी फाड. पुढे टेबल गेलं, टेलिफोन गेला, संगणक आला. स्विचला कोणी सांगितलंच नाही. तो आपला इमानदारीत फाडत बसला. चिठ्ठी फाटली की बाबांचा आवाज बटाट्यांच्या रांगेत. एक्स-रेचे फोटो निघाले की रांग भरते, आणि भरल्यावर जे येईल ते सरळ बाहेर. चित्राचे तुकडे गळले तर संगणक पुन्हा मागवून भरतो, आवाजाला तेवढी सवड नसते. मॅडमच्या बाजूला तसलं काही नव्हतं, म्हणून त्यांचा आवाज नीट यायचा.'

त्यांच्या कामात भरवसा ही अशी चालू-बंद करायची गोष्ट आहे, हे मला नवीनच होतं. आमच्या घरात तो एकीनेच चालू ठेवला होता, आणि तिला स्विच दिव्याचा की तारांचा हेही ठाऊक नव्हतं.

'मग ठेव की आता भरवसा,' ती म्हणाली.

'सरसकट ठेवला तर इमारतीतला प्रत्येक संगणक उठून म्हणेल, मीच अंजीर. फक्त या खोलीपुरता वेगळा नियम लिहिते.'

साहेबांची परवानगी काढून तिने तो लिहिला. आम्ही पुन्हा आपापल्या जागी गेलो. मी चांगला घसा खाकरून म्हणालो, 'किल्ली.'

तिचा चेहरा पांढरा पडला. 'बाबा, पुन्हा.'

आधी निदान 'कि' तरी पोचत होता. आता तोही धड पोचेना. ती तशीच स्विचच्या खोलीकडे पळाली. बायको माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला नाही, एवढा घाबरलो होतो. आढावा परवावर आला होता. मला वाटलं, तार वगैरे सगळं बोलण्यापुरतं, शेवटी दोष आपल्या जिभेचाच निघणार.

सूनबाई परत आली ती अर्धवट हसत, अर्धवट रडत.

'मी तुमचे लाड केले, बाबा. तिथे चुकलं.'

झालं होतं असं. सासऱ्याचं काम म्हणून तिने त्या खोलीतून निघणारं सगळंच्या सगळं पहिल्या रांगेत घातलं होतं. आवाज, चित्र, सगळं अंजीर. पण ती पहिली रांग मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. त्यात ठरल्यापेक्षा जास्त शिरलं की जादा झालेलं टाकून देतात, नाहीतर बाकीच्यांना दार मिळायचंच नाही. आणि सगळ्यात जड काय, तर माझा चेहरा. त्या थोबाडाने सगळं दार अडवलं आणि आवाजाला आत जागाच मिळाली नाही.

'अति तेथे माती,' बायको म्हणाली. 'आणि यांचा चेहरा पुढे कशाला घालायचा? मी बघतेय ना इतकी वर्षं, काही बदल नाही त्यात.'

सूनबाईने मग आवाज तेवढा पहिल्या रांगेत ठेवला, चित्र एक पायरी खाली उतरवलं आणि उरलेलं सगळं सगळ्यांच्या मागे. 'तुमचं चित्र अधूनमधून जरा अडखळेल, बाबा. चालेल ना?' मला काय, चित्र नाही आलं तरी चाललं असतं. नंतर ती एक्स-रेच्या तंत्रज्ञाकडे गेली आणि म्हणाली, असतील नसतील तेवढे फोटो आत्ता एकदम पाठव. तो बावचळला. 'ताई, रोज तर हळू पाठव म्हणून ओरडता!' तरी त्याने पाठवले, गुडघे, खांदे, छात्या, सगळे एका दमात.

आणि त्या पोत्यांच्या गर्दीतून माझी किल्ली तिच्या कानात सुखरूप जाऊन पोचली. ती दारातून आत आली आणि वाकून माझ्या पाया पडली. खरं तर ते उलटं व्हायला हवं होतं.

शुक्रवारी ती आमच्याबरोबर खोलीत थांबली नाही. 'मी स्विचपाशी बसते. काही झालं तर लगेच बघता येईल,' म्हणाली. मला कळत होतं, तिच्याने ऐकवणार नव्हतं.

मॅडमनी पहिलं चित्र दाखवलं. मी खिडकी म्हणालो. दुसरं दाखवलं, चमचा म्हणालो. तिसऱ्याला त्या थांबल्या. कानावरचा हेडफोन काढून त्याच्याकडे बघितलं आणि परत घातला.

'काका, हा तुमचा आवाज आहे?'

'हो.'

बायकोने मग सगळी हकीकत सांगितली. तारा, चिठ्ठ्या, अंजीर, बटाटे, सगळं एकमेकांत कालवून. पण मॅडमना पोचायचं ते पोचलं.

'म्हणजे तुम्ही कधीपासून बरोबर म्हणताय, आणि मी तुम्हाला चूक सांगतेय,' त्या म्हणाल्या. 'मला माफ करा, काका.'

माझ्यासारख्या माणसाने तिथे फट्कन काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या आठवड्यांचा राग साठवलेला होता, मोका चालून आला होता. पण शोधला तर सापडेना. या बाईने दर आठवड्याला एका न सुधारणाऱ्या म्हाताऱ्यापुढे तितक्याच हसऱ्या तोंडाने किल्लीचं चित्र धरलं होतं. एवढं कोण करतं?

'चला, आता अवघड देते,' त्या डोळे पुसून म्हणाल्या. 'गुळगुळीत.'

मी म्हणालो. म्हणजे म्हणायला गेलो. दोन्ही ळ कुठेतरी वाटेतच बसले. 'गुअगुईत' असं काहीतरी झालं. बायकोने श्वास रोखून दाराकडे बघितलं, सूनबाईला हाक मारू का, अशा चेहऱ्याने.

पण मॅडम पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या. 'नाही काकू, हा ळ लाईनचा नाही. हा काकांचाच. जीभ वर वळत नाहीये. यावर काम करता येईल आपल्याला. पुढचे सहा महिने ही वेळ तुमचीच, काका.'

लोक आपल्या यशाबद्दल उपकार मानतात. मी त्या दिवशी माझ्या चुकीबद्दल मानले. इतके दिवस मला कुठला शब्द माझा मोडला आणि कुठला वाटेत मोडला हेच कळत नव्हतं, म्हणून सगळेच टाकून दिले होते. आता एक ळ माझ्या नावावर लागला होता. एका ळशी माणूस झुंजू शकतो. आणि हा हिशेब वेगळा करून दिला तो माझ्या घरच्या दोन बायकांनी. एकीने आपल्या कानावरचा भरवसा सोडला नाही, दुसरीने स्वतःच्या तारांवर संशय घेण्याइतकं मन मोठं केलं. मी या दोघींना उभ्या आयुष्यात एकदाही नीट शब्दात काही म्हटलं नव्हतं, जीभ चांगली वळत होती तेव्हासुद्धा.

बायकोने मोबाईलवरून सूनबाईला फोन लावला. 'मिळाली गं वेळ, सहा महिने!' असं तीनदा ओरडून तिने फोन माझ्या कानाला लावला.

मी काय बोलायचं ते डोक्यात पक्कं केलं होतं. पण नेमक्या त्या वाक्यात ळ भरलेले.

'सूनबाई, तुझ्यामुए... मिआलं... सगअं...'

'बाबा? हॅलो?' तिचा आवाज एकदम घाबरा झाला. 'तुटतंय का? थांबा हं, मी बघते, काहीतरी तुटतंय...'

'नाही गं,' मी म्हणालो. 'ते... माझं तुटतंय. तुझी लाईन... छान आहे.'

पलीकडून पेट्यांच्या पंख्यांची घरघर तेवढी स्पष्ट येत होती. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

'काय म्हणतेय?' बायकोने विचारलं.

'ऐकतेय,' मी म्हणालो.